शहरातील पगार व घरची भर

दिवाळी उलटून कापसाचा दुसरा वेचा घरी आला आणि तूर फुलोऱ्यास लागली, म्हणजे आमच्या जिल्ह्यातील पुष्कळ कास्तकारांच्या ओसरीवर एक प्रश्न दरसाल नव्याने निघतो. सणानिमित्त घरी आलेला मुलगा पुण्यास किंवा मुंबईस परत निघालेला असतो, आणि निघता निघता तो वडिलांपाशी असा विषय काढतो की, तेथे भाडे भरून भरून जन्म जाणार, त्यापेक्षा रस्त्याकडील दोन एकर काढून टाकावे व तेथेच दोन खोल्यांचा फ्लॅट घ्यावा. वडील होय म्हणत नाहीत, नाही म्हणत नाहीत. मुलगा गाडीत बसतो, आणि प्रश्न घरी राहतो.

गेल्या हंगामात देवळी तालुक्यातील एक गृहस्थ हाच प्रश्न घेऊन आमच्या मंडळाच्या वर्ध्याच्या कचेरीत आले होते. कोरडवाहू नऊ एकर जमीन. मुलगा पदविका घेऊन चाकणच्या एका कारखान्यात लागलेला. सून व एक लहान नातू तेथेच. त्यांनी खिशातून सातबारा काढून टेबलावर ठेविला व म्हणाले, "विकू की नको, एवढेच सांगा." एवढेच सांगणे सोपे नव्हते. आम्ही त्यांना बसवून घेतले, एक कोरा कागद पुढे केला, आणि दीड-दोन तास जो हिशेब झाला तो इतर वाचकांसही उपयोगी पडेल अशा समजुतीने येथे देत आहो. आकडे त्या एका घराचे व आमच्या अंदाजाचे आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या घरचे आकडे घालावेत. आमच्या मंडळातील दोघांची मुले पुण्यास आहेत, तेव्हा हा उपदेश परस्पर दुसऱ्यास केलेला नाही, हेही सांगून ठेवितो.

मुलाच्या हाती दरमहा ३८,००० रुपये येत. गावात हा आकडा मोठा वाटतो, आणि आपल्याकडे आकडा एवढाच विचारण्याची रीत आहे: 'पोराला किती पडतात?' किती उरतात हे कोणी विचारीत नाही. आम्ही ते विचारले. दोन खोल्यांचे भाडे १५,०००. वीज, गॅस व इंटरनेट मिळून २,५००. किराणा, दूध, भाजी ९,०००. जाण्यायेण्याचा खर्च ३,०००. नातवाच्या बालवाडीची फी ३,०००. कपडे व औषधपाणी २,५००. दिवाळी, पोळा, घरची लग्नकार्ये यांकरिता वर्षातून चार खेपा गावी होतात, त्यांचा खर्च महिन्यावर वाटला तर १,५००. बेरीज ३६,५००. शिल्लक १,५००.

गृहस्थ म्हणाले, "तरी उरतेच की." तेव्हा आम्ही दुसरी बाजू विचारली. येथून काय जाते? वर्षाचे तीन क्विंटल गहू जातो, पन्नासेक किलो तुरीची डाळ जाते, हळद-तिखट जाते. हे बाजारभावाने धरले तर पंधरा हजारांच्या घरात जाते, म्हणजे दरमहा १,२५०. शिवाय खोली घेताना घरमालकास अनामत म्हणून ६०,००० रुपये दिले, तेही सोयाबीन विकून येथूनच दिले होते. त्या रकमेचे शेकडा सात दराने व्याज दरमहा ३५० होते. दोहोंची बेरीज १,६००. म्हणजे अडतीस हजारांच्या पगारातून दरमहा दीड हजार उरत होते, आणि ते उरावे म्हणून नऊ एकरांचे वावर दरमहा सोळाशे रुपये पुरवीत होते.

या लेखाचा सारा मुद्दा या सोळाशे रुपयांत आहे. ते कोणाच्या वहीत लिहिलेले नसतात. बाप ते वात्सल्य म्हणून देतो, मुलगा हक्क म्हणून घेतो, आणि कारखानदारास त्यांचा पत्ताही नसतो. परंतु वस्तुतः तेवढ्या रकमेने शहरातील पगार कमी पडत असतो व ती तूट खेडे भरून काढीत असते. नातू आजारी पडला, मुलाची नोकरी दोन महिने गेली, तर ही भर सोळाशेची सोळा हजार होते. २०२० च्या मार्चअखेर टाळेबंदी झाली तेव्हा ज्यांची पुण्यातील खोली कुलूपबंद राहून भाडे मात्र चालू होते, त्या घरांना हे निराळे सांगावयास नको.

ही गोष्ट नवी नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांचा सबंध डोलारा याच पायावर उभा होता. कोकणातून व सातारा-कोल्हापूरच्या घाटाखालून-वरून जो कामगार परळ-लालबागेत गेला, त्याचा पगार एकट्या पुरुषाच्या पोटापुरता होता. बायको, मुले व म्हातारी माणसे गावच्या भातावर व नाचणीवर जगत. १९३१ साली हिंदुस्थानातील कामगारांविषयीच्या शाही कमिशनने आपला अहवाल दिला. त्यातही कामगाराचा गावाशी असलेला संबंध तोडू नये, तो नीट राखावा, असे मत नमूद आहे. पुढे १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लक्ष गिरणी कामगारांचा संप सुरू झाला व तो वर्षाहून अधिक काळ चालला. इतके दिवस पगाराविना माणसे जगली ती कशावर? पुष्कळांनी गावची वाट धरली व घरच्या जमिनीने त्यांना पोसले. ज्यांना गावी जमीन नव्हती त्यांचे हाल मुंबईने पाहिले आहेत. संप फसला, गिरण्या गेल्या. ज्यांचे वावर शाबूत होते त्यांना निदान परत जाण्यास ठिकाण उरले.

त्या काळच्या मुंबईकरांची सुखाची गोष्ट सांगून आजच्या मुलास पाठविणारे वडीलधारे आम्हांस वारंवार भेटतात. 'आमचा मामा चाळीत राहिला आणि मुले शिकवून डॉक्टर केली,' असे ते सांगतात. गोष्ट खरी असेल. परंतु त्या मामाच्या खोलीचे भाडे १९४७ च्या मुंबई भाडे-नियंत्रण कायद्याने जवळजवळ गोठलेले होते. पगार वाढत गेला, भाडे तेथेच राहिले, आणि त्या फरकात मुले शिकली. आज जो मुलगा अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर राहतो, त्यास ते छत्र नाही. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे-नियंत्रण कायद्याने अशा कराराची नोंदणी सक्तीची केली खरी, पण भाडे किती असावे हे दोघांच्या संमतीवर सोडले. दर अकरा महिन्यांनी मालक शेकडा पाच-दहा चढवितो आणि भाडेकरू एक तर देतो किंवा सामान बांधतो. मामाचा हिशेब भाच्यास लागू करणे म्हणजे विहिरीच्या बागायतीचा उतारा कोरडवाहूच्या वावरास लावण्यासारखे आहे.

भाडे हा शब्द आपल्या कानावरून नुसता जातो, म्हणून आम्ही त्या गृहस्थांना तो कापसात मांडून दाखविला. दरमहा १५,००० म्हणजे वर्षाचे १,८०,०००. सन २०२५-२६ करिता लांब धाग्याच्या कापसाची आधारभूत किंमत क्विंटलास ८,११० रुपये जाहीर झाली. तो पुरा भाव हाती पडला असे धरले तरी वर्षाच्या भाड्यास बावीस क्विंटलांहून अधिक कापूस लागतो. एकरी साडेसहा क्विंटल उतारा धरला, तर सुमारे साडेतीन एकरांची संपूर्ण वेचणी. त्यात बियाणे, खत, फवारणी, निंदणी व वेचाईचा एक पैसाही वजा केलेला नाही. गृहस्थ काही वेळ गप्प राहिले. नंतर म्हणाले, "म्हणजे माझ्या नऊ एकरांतले साडेतीन एकर त्या मालकाने मक्त्याने घेतल्यासारखेच झाले." उपमा थोडी उलटी पडते, पण आम्ही ती दुरुस्त केली नाही.

शहरे महाग आहेत हे सरकारासही मान्य आहे, आणि किती महाग याचे त्याने मापही ठरविले आहे. केंद्र सरकारच्या नोकरास घरभाडे-भत्ता मिळतो तो गावाच्या वर्गाप्रमाणे. सातव्या वेतन आयोगाच्या व्यवस्थेत १ जानेवारी २०२४ पासून पहिल्या वर्गाच्या शहरी मूळ वेतनाच्या शेकडा ३०, दुसऱ्या वर्गात २० व इतरत्र १० असे त्याचे प्रमाण झाले. मुंबई व पुणे पहिल्या वर्गात, नागपूर दुसऱ्यात, आणि आपले वर्धे तिसऱ्यात. मूळ वेतन ३०,००० असलेल्या नोकरास पुण्यास ९,००० व वर्ध्यास ३,००० भत्ता मिळतो. अंतर सहा हजारांचे. पुण्यातील पंधरा हजारांच्या घरासारखे घर वर्धे शहरात सहा हजारांत मिळते असे धरले, तर भाड्यांतील अंतर नऊ हजारांचे होते. म्हणजे सरकारी भत्त्यानेही तूट पुरती भरत नाही. खाजगी कारखान्यातील कंत्राटी कामगारास तर एवढेही कोणी देत नाही. किमान वेतनाचे दर राज्यात परिमंडळवार ठरतात हे खरे. परंतु मोठ्या शहराचे परिमंडळ व तालुक्याच्या गावाचे परिमंडळ यांच्या दरांतील अंतर भाड्यांच्या अंतराशी ताडून पाहिले असता अगदीच किरकोळ ठरते.

येथे एक इशारा देणे अवश्य आहे. वर्तमानपत्रांतून कामगारांच्या राहणीखर्चाचे निर्देशांक प्रसिद्ध होतात, आणि नागपूरचा आकडा मुंबईच्या आकड्याहून मोठा दिसला की, 'नागपूर मुंबईहून महाग झाले' अशी चर्चा चहाच्या टपरीवर होते. हा समज चुकीचा आहे. २०१६ साली त्या त्या ठिकाणचा खर्च १०० धरून तेथल्या तेथे तो किती चढला एवढेच हे आकडे सांगतात. दोन गावांची स्वस्ताई-महागाई त्यांवरून ताडता येत नाही. उंच माणूस दोन बोटे वाढला व ठेंगणा चार बोटे वाढला, म्हणून ठेंगणा उंच होत नाही.

आता दुसरे पारडे. आम्ही नागपूरचाही हिशेब मांडला. मिहानमध्ये टाटा कन्सल्टन्सी, इन्फोसिस, एचसीएल यांची कार्यालये आहेत, बुटीबोरीस जुनी औद्योगिक वसाहत आहे, आणि आपल्या जिल्ह्यातही भुगावचा पोलादाचा कारखाना व हिंगणघाटच्या सूतगिरण्या आहेत. पदविकाधारकास चाकणइतका पगार येथे मिळत नाही, २८,००० धरा. भाडे ९,०००, वीज-गॅस-इंटरनेट २,२००, किराणा ८,०००, जाण्यायेण्यास २,०००, फी २,०००, कपडे-औषधे २,५००, गावच्या खेपा ८००. बेरीज २६,५००. शिल्लक तीच, १,५००. दहा हजारांनी पगार कमी आणि शिल्लक एक रुपयाने कमी नाही! शिवाय शनिवारी रात्री मुलगा घरी येऊ शकतो. सोयाबीन काढणीच्या दिवसांत घरचा एक माणूस वावरात असणे याची किंमत काय, हे ज्याने सवंगणीस मजूर न मिळाल्यामुळे उभ्या पिकाच्या शेंगा फुटताना पाहिल्या त्यास विचारावे.

धनको लोकांनी हा हिशेब आपल्या आधी दीडशे वर्षे केला होता. १८६७ साली लोहमार्ग नागपुरास पोचला, आणि जमशेटजी टाटांनी आपली पहिली मोठी गिरणी उभारण्याकरिता मुंबई सोडून नागपूर निवडले. १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झालेली एम्प्रेस मिल ती हीच. मुंबईस गिरण्यांची दाटी झालेली, जागा महाग. येथे वर्धा खोऱ्याचा कापूस दाराशी, जमीन स्वस्त. भांडवलदाराने स्वस्त जागी यावे हे शहाणपण ठरले, आणि त्याच स्वस्त जागेतील माणसाने महाग शहरी जावे हेही शहाणपण ठरावे, हा विचार करण्याजोगा विरोध आहे. हिंगणघाट व पुलगाव येथेही त्याच शतकाच्या अखेरीस गिरण्या निघाल्या. आपल्या जिल्ह्यातील माणूस मुंबईस फारसा गेला नाही याचे एक कारण हेच की, त्यास दिवसाच्या वाटेवर काम होते. एम्प्रेस मिल सुमारे सव्वाशे वर्षे चालून बंद पडली, पुलगावचीही गेली, आणि काम दिवसाच्या वाटेवरून रात्रभराच्या गाडीच्या अंतरावर गेले.

ते किती गेले हे शिरगणतीत दिसते. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची वस्ती शेकडा १६ ने व पुणे जिल्ह्याची शेकडा ३० ने वाढली. वर्धे जिल्ह्याची वाढ शेकडा पाचच्या आसपास राहिली व एकूण संख्या १३ लक्ष ७७४ भरली. जन्म-मृत्यूंच्या हिशेबाने एवढी थोडी वाढ संभवत नाही. उरलेली माणसे बाहेर गेली. गंमत अशी की, त्याच दशकात खुद्द मुंबई शहर जिल्ह्याची वस्ती ३३ लक्ष ३८ हजारांवरून ३० लक्ष ८५ हजारांवर उतरली. मुंबईचीच माणसे महागाईने ठाणे जिल्ह्याकडे सरकत होती.

इतके ऐकून ते गृहस्थ म्हणाले, "मग पोराला परतच बोलावतो." त्यावर आम्हांस त्यांना थांबवावे लागले, कारण हिशेबाची अर्धी बाजू अजून राहिली होती. आजचा पगार म्हणजे नोकरी नव्हे. पाच वर्षांनी तो किती होणार, हे पाहिले पाहिजे. ज्या धंद्यात माणूस शिकत जातो व दरसाल शेकडा आठ वाढ मिळते, तेथे आजचे ३८,००० पाच वर्षांनी ५५,००० च्या वर जातात. आपल्या तालुक्याच्या गावी वीस हजारांवर लागलेला मुलगा पाच वर्षांनी पंचवीस-सव्वीस हजारांवर असतो, व त्या गावी दुसरा मालकही नसतो की ज्याच्याकडे तो जाईल. मोठ्या शहराचा खरा फायदा हाच आहे: एक दार बंद झाले तर दहा दारे ठोठावता येतात. अभियंता, संगणकाचे काम जाणणारा, हिशेब-तपासनीस, यांनी उमेदीची चार-सहा वर्षे तेथे काढावीत, असेच आमचे मत आहे, आणि त्या वर्षांत घरच्या गव्हा-डाळीची भर पडली तर ती शिक्षणाच्या फीप्रमाणे समजावी. परंतु गोदामात खोकी उचलणे, दारावर पहारा करणे, मोटारसायकलवरून घरोघर डबे पोचविणे या कामांत पहिल्या वर्षी जो पगार तोच थोड्या फरकाने पाचव्या वर्षी असतो. त्यास पुण्यात राहणे म्हणजे घरमालकाची सालदारी करणे होय.

सेवाग्रामच्या शेजारी राहून आपल्यापैकी काहीजण या प्रसंगी महात्माजींचे उदाहरण काढतात की, ते १९३६ साली वर्धे सोडून शेगावच्या झोपडीत जाऊन राहिले. ते उदाहरण थोर आहे, परंतु ज्याच्या घरी दोन मुलींची लग्ने उभी आहेत अशा बापाच्या मुलास ते सांगून खेड्यात बसविणे आम्हांस न्यायाचे वाटत नाही. आणि लग्नाचा विषय निघालाच आहे तर तेही उघड बोलले पाहिजे. पुष्कळ मुले पुण्यास जातात ती पगाराकरिता जात नाहीत, लग्नाकरिता जातात. वावर राखणाऱ्या मुलास मुलगी देण्यास कोणी राजी नाही. वीस एकरवाल्यासही 'नोकरी कोठे?' असे विचारतात, आणि विचारणारे स्वतः कास्तकार असतात. ज्या समाजाने हा नियम केला त्यानेच मग मुले शहरात गेली म्हणून रडावे, हे विचित्र आहे. त्या गृहस्थांनीही मान खाली घालून कबूल केले की, आपल्या मुलीकरिता त्यांनी स्वतः नोकरीवालाच पाहिला.

दवाखान्याकरिता शहर लागते, हा मात्र आपल्या जिल्ह्यापुरता पोकळ मुद्दा आहे. सेवाग्रामास १९६९ पासून वैद्यकीय महाविद्यालय आहे, सावंगीस दुसरे आहे. आसपासच्या जिल्ह्यांतील रोगी येथे येतात. शाळा-महाविद्यालयांचेही तसेच. शिक्षण येथे मिळते, त्या शिक्षणाचे काम येथे मिळत नाही. समृद्धी महामार्ग आपल्या जिल्ह्यातून गेला व ५ जून २०२५ पासून तो नागपूर ते मुंबई असा ७०१ किलोमीटर पुरता खुला झाला. येळाकेळीपाशी चढून माणूस दिवसाउजेडी मुंबईस पोचतो. त्याने आपली संत्री व आपली मुले तिकडे लवकर जाऊ लागली. तिकडून काम इकडे येते की नाही हे दिसावयाचे आहे.

यानंतर मूळ प्रश्नास हात घातला: विकू की नको. मुलाने पाहिलेला फ्लॅट ५० लक्षांचा होता. बँक एवढ्या किमतीच्या घरास शेकडा ८० पर्यंत कर्ज देते, म्हणजे ४० लक्ष. उरलेले १० लक्ष आपले. पुण्यास मुद्रांक शुल्क शेकडा सात धरले तर साडेतीन लक्ष, वर नोंदणीचे ३०,०००. तेव्हा हाती १३ लक्ष ८० हजार हवेत. रस्त्याकडील जमिनीस एकरी पाच लक्ष येतील असे गृहस्थांचे म्हणणे. मुलाची मागणी दोन एकरांची होती. हिशेब जवळजवळ तीन एकरांचा निघाला. आणि ४० लक्षांचा हप्ता शेकडा साडेआठ दराने वीस वर्षांकरिता दरमहा सुमारे ३४,७०० होतो. वीस वर्षांत भरावयाचे त्र्याऐंशी लक्ष.

अडतीस हजारांत हे बसत नाही, हे उघड आहे. "सून नोकरी धरणार आहे," असे गृहस्थ म्हणाले. तिचे २२,००० धरले, एकूण ६०,०००. हप्ता जाता उरले २५,३००. भाडे वजा जाता पूर्वीचा खर्च २१,५००. त्यात सोसायटीची वर्गणी २,५०० व पाळणाघर ५,००० मिळवा, म्हणजे २९,०००. दरमहा ३,७०० ची तूट, आणि ती भरण्यास नऊ एकरांऐवजी सहाच एकर उरलेले.

मुलाच्या बाजूने एक गोष्ट सांगितली पाहिजे व ती आम्ही सांगितली. हप्ता तेवढाच राहतो, पगार वाढत जातो. पाच-सहा वर्षे कळ काढली तर तूट मिटते. तसेच नुसत्या उत्पन्नाच्या दृष्टीने पाहता जमीन राखणे फायद्याचे नाही, हेही खरे. कोरडवाहू एकर मक्त्याने दिला तर बारा-पंधरा हजार येतात. तोच एकर विकून पाच लक्ष बँकेत ठेविले तर शेकडा सात दराने पस्तीस हजार येतात. येथे हिशेब आमच्या विरुद्ध जातो, आणि तो लपविण्यात अर्थ नाही. आम्ही जमीन राखा म्हणतो ते तिच्या पिकाकरिता म्हणत नाही. ती विम्यासारखी आहे, म्हणून म्हणतो. एकदा सर्व वावर गेले व कुटुंब शेतकरी राहिले नाही, तर विदर्भास लागू असलेल्या १९५८ च्या कूळवहिवाट कायद्यान्वये शेतजमीन पुन्हा घेण्यास जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते. फ्लॅट विकून फ्लॅट केव्हाही घेता येतो. वावर विकून वावर तसे घेता येत नाही. आणि गेलेला तुकडा बहुधा रस्त्याकडचा, म्हणजे उत्तम तोच असतो.

शेवटी आम्ही विचारले, नोकरी कायम आहे काय? गृहस्थ म्हणाले, कंत्राटी आहे; दर अकरा महिन्यांनी नवा कागद होतो. घराचा करार अकरा महिन्यांचा, नोकरीचा करार अकरा महिन्यांचा, आणि हप्ता मात्र दोनशे चाळीस महिन्यांचा. या एका उत्तराने आमच्या मनातील संशय फिटला. आम्ही त्यांना इतकेच सुचविले की, नोकरी कायम होईपर्यंत एक गुंठाही विकू नये. मुलाने येत्या दोन वर्षांत बुटीबोरी व मिहानकडे अर्ज करीत राहावे, व पगार दहा हजारांनी कमी दिसला म्हणून नाक मुरडू नये. आणि येथून जाणारा गहू, डाळ व पैसा यांची नोंद आजपासून एका वहीत ठेवावी, ती मुलास दाखवावी. मागण्याकरिता नव्हे, माहितीकरिता. कायम झाला व पगार खरोखर चढत गेला तर सहा वर्षांनी हाच कागद पुन्हा मांडावा. तेव्हा उत्तर निराळे येईल, व त्या वेळी विकण्यास आमची हरकत असणार नाही.

गृहस्थांनी ओसरीत जाऊन मुलास मोबाईलवर विचारले की, भाडे नक्की पंधराच ना? परत येऊन त्यांनी पेन मागितला. करार पुढल्या महिन्यात संपत होता व मालकाने शेकडा दहा वाढ सांगितली होती. त्यांनी १५,००० खोडून त्यावर १६,५०० लिहिले, खालची बेरीज स्वतः केली, शिल्लकेच्या जागी शून्य मांडले, आणि कागद सातबाऱ्यात घडी घालून देवळीच्या गाडीस निघाले.